वीतभर अरुंद दार

आमच्या टेकडीच्या रस्त्यावर अर्डिस व्हिटकॉमला कुणी काही दिलं आणि तिने ते मुकाट्याने ठेवून घेतलं, असं कधी घडलं नव्हतं. गास्तों बोलियूने ट्रॅक्टर आणून तिच्या अंगणातला बर्फ बाजूला सारावा, तर तो आपल्या गोठ्यात परत पोचतोय न पोचतोय तोच ही सफरचंदाचा केक घेऊन तिथे हजर. खालच्या घरातल्या बर्निस ड्रूने एकदा तिच्या आजारपणात सूप पाठवलं. भांडं परत आलं ते गोड घेवड्याने काठोकाठ भरून, आणि घेऊन आली ती स्वतः अर्डिसच, खोकत खोकत. बर्निस नवऱ्याला म्हणाली, "या बाईला ताप आला ना, तर तोही ती कुणालातरी परत करून येईल."

द्यायला मात्र अर्डिसचा हात कायम मोकळा. दर मार्चमध्ये मेपलच्या रसाचा पहिला पाक उतरला की ती बरण्या भरायची आणि रस्त्यावरच्या प्रत्येक घराच्या ओसरीवर एक एक ठेवून यायची. दार वाजवायचं आणि कुणी उघडायच्या आत पायऱ्या उतरून चालू लागायचं. कुणी "अगं थांब तरी!" म्हणून हाक मारली की न वळता हात हलवायचा. लोकांना तिचा चेहरा कमी आणि पाठ जास्त परिचयाची होती.

याचं कारण शोधायला फार लांब जायला नको. अर्डिस मूळची नदीकाठच्या गिरणीगावातली. व्हिटकॉमांच्या मळ्यावर ती हंगामापुरती भांडी घासायला म्हणून आली आणि मेरिल व्हिटकॉमने तिच्याशी लग्न केलं. सासूबाईंना ते शेवटपर्यंत पचलं नाही. जेवायच्या टेबलावर पाहुण्यांदेखत त्या म्हणायच्या, "आमची सून हात हलवत आली हो. आता हात चालवतेय, एवढंच समाधान." अर्डिस खाली मान घालून बटाटे वाढायची. त्या घरातला प्रत्येक घास तिने आधी राबून मग खाल्ला. साखरघरात, जिथे मेपलच्या झाडांचा रस आटवून पाक करायचे, तिथे तर तिला काहिलीजवळ उभं राहायची परवानगीच नव्हती. तिने चुलाणात लाकूड सारायचं, बस्स. पुढे सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले, आणि एका मार्चमध्ये डावाच्या कडेवरून पाक थेंबाथेंबाने गळतोय की तयार होऊन पडद्यासारखा उतरतोय, ते त्यांना दिसेना. त्यांनी काही न बोलता डाव अर्डिसच्या हातात दिला आणि बाकावर जाऊन बसल्या. तेवढंच. पण त्या दिवसापासून काहील अर्डिसची झाली, आणि सासूबाई गेल्या, पुढे मेरिलही गेला, तरी तिने एकही हंगाम चुकवला नाही.

मग त्या वर्षी, हंगाम नुकताच संपलेला असताना, एप्रिलमध्ये ओला, जड बर्फ पडला आणि जुनं साखरघर भर दुपारी मटकन खाली बसलं. अर्डिस स्वयंपाकघरात कणीक मळत होती. आवाज ऐकून ती बाहेर आली तर छप्पर जमिनीला टेकलेलं. काहील धुऊन गोठ्यात ठेवली होती म्हणून वाचली. चुलाण मात्र आतच होतं, सासूबाईंच्या सासूच्या वेळचं, ओतीव लोखंडाचं. तुळई पडून ते तडकलं होतं.

रस्त्यावरची माणसं एकेक करून येऊन बघून गेली. शेवटी हॉलिस ड्रू आला. बर्निसचा नवरा. लाकडी सांगाड्याची घरं आणि गोठे उभारणं हा त्याचा धंदा, आणि बोलणं इतकं बेताचं की बर्निस त्याला "आमचा खांब" म्हणायची. तो खिशात हात घालून ढिगाऱ्याभोवती फिरला.

"इथेच हवंय, की जरा वर सरकवायचं?"

"काय?"

"साखरघर."

"कुठेच नको," अर्डिस म्हणाली. "या वयात मला कशाला आता नवीन साखरघर?"

हॉलिसने मान डोलावली आणि निघून गेला. तिला वाटलं, विषय संपला. पंधरवड्यात गास्तोंच्या ट्रॅक्टरमागे लाकडांची गाडी वर चढताना दिसली. गास्तोंच्या डोंगरउतारावरची हेमलॉकची झाडं, हॉलिसच्या करवतीवर चौकोनी करून आणलेली.

"मी नको म्हणाले होते ना?" अर्डिस ओरडली.

"ऐकलं मी," हॉलिस म्हणाला आणि लाकडं उतरवत राहिला.

"मादाम व्हिटकॉम," गास्तों ट्रॅक्टरवरून म्हणाला, "तुमच्या पाकावर माझी चार पोरं वाढली. त्यांचे दात किडले ते माफ, पण पाकाची तरी भरपाई घ्या!"

सगळे हसले. अर्डिस हसली नाही. ती घरात गेली आणि सवयीने पीठ मोजायला लागली, आणि मोजता मोजता तिचे हात थांबले. अंगणातल्या बर्फासाठी केक पुरतो. सूपासाठी घेवडा पुरतो. एका आख्ख्या घरासाठी काय न्यायचं? तिला जे वाटलं ती भीतीच होती. इतकं कुणी दिलं की माणसाने करायचं काय, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

उन्हाळाभर हॉलिसने तिच्या गोठ्यातच काम मांडलं. खिळा एकही नाही. खांबाच्या टोकाला कूस, तुळईत तिच्या मापाची खाच, आणि दोन्ही एकत्र बसले की आरपार ओकची खुंटी. खुंट्या रस्त्यावरच्या प्रत्येक घराने तासायच्या, असं बर्निसनेच ठरवून टाकलं. आपापल्या ओसरीवर बसून लोक खुंट्या तासत. गास्तोंच्या इतक्या वाकड्या निघाल्या की हॉलिस म्हणाला, "या खुंट्या आहेत की तुझ्या गायींची शिंगं?"

जुलैमध्ये एके सकाळी अर्डिस डोनट घेऊन गोठ्यात गेली. हॉलिसने रस्त्याकडच्या भिंतीची लाकडं जमिनीवर मांडली होती आणि मोठ्या दाराच्या दोन खांबांच्या जागा खडूने आखल्या होत्या. तो गुण्या लावून खाचांच्या रेघा मारत होता.

"काहील चार फूट रुंद ना?" त्याने विचारलं.

"चार फूट," अर्डिस म्हणाली. ते खरंच होतं.

पण तिची नजर खडूच्या त्या दोन रेघांवर होती. काहील चार फूट. चुलाण मात्र जुन्या घडणीचं. त्याच्या पुढच्या लोखंडी पाटाला दोन्ही बाजूंना कान होते. सासूबाईंच्या काळात त्या कानांवर ओले हातमोजे वाळत घालायचे. त्या दोन खांबांमधून चुलाण जाणार नव्हतं. वीतभर तरी कमी पडत होतं. हॉलिसने चुलाण नीट पाहिलंच नव्हतं. ढिगारा उपसताच ते दुरुस्तीसाठी खाली गावात वेल्डरकडे गेलं होतं, आणि नव्या चुलाणांना असले कान नसतात.

"काही सांगायचं असेल तर आत्ता सांग," हॉलिस म्हणाला. "एकदा पटाशी लागली की लागली."

अर्डिसने तोंड उघडलं. समोर त्या माणसाचे भुशाने माखलेले गुडघे, फुकट आलेलं लाकूड, कोपऱ्यात खुंट्यांनी भरलेली बादली. असल्या देण्यात खोट काढायची? तिच्या कानात सासूबाई बोलल्या: हात हलवत आली, आणि वर बोट दाखवतेय.

"मी काय सांगणार? सगळं उत्तम आहे," ती म्हणाली. "डोनट गरम आहेत तोवर खा."

घरी परतताना तिने स्वतःची समजूत घातली. तो पाट नट-बोल्टने बसवलेला आहे. काढून वेगळा आत नेता येईल. उगाच कशाला कुणाचं मन दुखवा?

ऑक्टोबरमध्ये सांगाडा उभा राहिला. रस्त्यावरची सगळी माणसं आली होती, लांबलचक काठ्या घेऊन. हॉलिसने "उचला!" म्हटलं की एका दमात अख्खी भिंत उभी व्हायची, आणि कुशी खाचांत शिरताना लाकूड कण्हायचं. गास्तोंला मधेच शिंक आली तेव्हा बर्निस किंचाळली, "हात सोडशील तर खबरदार! नाकाचं नंतर बघ!" दिवस कलायच्या आत आढं चढलं आणि रिवाजाप्रमाणे हॉलिसने त्यावर हेमलॉकची हिरवी फांदी ठोकली. मग तो खाली उतरला. एकच खुंटी राहिली होती, मोठ्या दाराच्या खांबाची. आमच्याकडे ती घरमालकाने ठोकायची असते. ती ठोकली की घर त्याचं.

हॉलिसने मोगरी अर्डिसपुढे धरली.  तिने खांबाकडे पाहिलं. नेमका तोच, वीतभर चुकलेला.

"तूच ठोक रे," ती म्हणाली. "माझे खांदे दुखतात."

हॉलिसने ठोकली नाही. त्याने खिशातून सुतळी काढली, खुंटी तिला बांधली आणि त्याच खांबावर टांगून ठेवली. "राहू दे. होईल तेव्हा होईल." बोलला एवढंच, पण त्याचा चेहरा उतरला ते सगळ्यांनी पाहिलं. अर्डिसने त्या दिवशी इतकं रांधलं होतं की लोकांना घरी नेण्यासाठी बांधून द्यावं लागलं.

वेल्डरने 'पुढच्या आठवड्यात' म्हणत म्हणत फेब्रुवारी उजाडवला. अखेर त्याचा ट्रक आला. चुलाण काळं कुळकुळीत रंगवलेलं, जाळी नवी, आणि वेल्डर स्वतःवर भलताच खूश.

"ते जुने नट-बोल्ट सगळे गंजले होते," तो म्हणाला. "काढून फेकून दिले आणि पुढचा पाट कायमचा जोडून टाकलाय. आता शंभर वर्षं हलायचा नाही!"

 अर्डिसने दोऱ्याने चुलाण मोजलं, तो दोरा दारात धरला, आणि पुन्हा मोजला. दोऱ्याला तिची दया येणार नव्हती.

"गोठ्यात उतरव," ती वेल्डरला म्हणाली. "साखरघरात नको."

दोन दिवसांत रस्त्यावर बातमी पसरली: अर्डिस यंदा पाक करणार नाही. दमली म्हणे. कुणी विचारलंच तर ती हसून सांगायची, "आता तुम्हीच करा आणि मला बरणी आणून द्या." हे बोलताना तिला स्वतःचाच आवाज परका वाटायचा. उन्हं चढू लागली होती, छपरांवरून पाणी टिपकत होतं, आणि झाडं कुणासाठी थांबणार नव्हती. तिने हिशेब असा केला होता: एवढ्या मायेने बांधलेल्या घरात चूक आहे हे सांगून हॉलिसला चारचौघांत खाली बघायला लावण्यापेक्षा आपला हंगाम गेलेला बरा. त्याचे उपकार आपण असे फेडू. आमची माणसं असलीच. तोंडातून एक शब्द काढायचा तर त्यापेक्षा हात तोडून देतील.

त्या आठवड्यात बर्निस आली. कोट न काढताच खुर्चीत बसली.

"कॉफी घे," अर्डिस म्हणाली.

"कॉफी नको. मला एक सांग. आमच्या खांबाने तुझं काय वाकडं केलंय?"

"हॉलिसने? काहीच नाही. का?"

"तो जेवत नाहीये. रोज उठून तुझ्या साखरघराभोवती फेऱ्या मारतो, सांध्यात बोटं घालून बघतो. म्हणतो, तिला ते आवडलंच नाही. तिने खुंटीसुद्धा ठोकली नाही. आपण बळंच तिच्या गळ्यात मारलं आणि आता बिचारी त्यात पाऊल टाकायचं नाही म्हणून पाक सोडतेय." बर्निसचा आवाज चढला. "अगं, इतक्या वर्षांत त्याने बांधलेल्या कुठल्याही घराचं मी त्याच्या तोंडून कौतुक ऐकलं नव्हतं. या घराचं ऐकलं. आवडलं नसेल तर तोंडावर सांग ना त्याला! पण हे असं नको."

ती आली तशी निघून गेली. अर्डिस तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. ज्याचं मन जपायला म्हणून तिने सगळं सोडलं, त्याच माणसाला तिने उपाशी ठेवलं होतं. आयुष्यभर तिला वाटत आलं होतं की न घेणं म्हणजे दुसऱ्याला त्रास न देणं. आज पहिल्यांदा तिला दिसलं की तिच्या दारातून किती माणसं हिरमुसून परत गेली असतील.

तिने कोट घातला, दोरा खिशात टाकला, आणि सवयीने काहीतरी न्यावं म्हणून फडताळाकडे वळली. बिस्किटांचा डबा हातात घेतला. परत ठेवला. आणि हात हलवत रस्त्याला लागली.

हॉलिसच्या कामाच्या खोलीचं दार तिने वाजवलं आणि ते उघडेपर्यंत तिथेच उभी राहिली. पळून जाण्यासाठी तिचे पाय शिवशिवत होते.

"हॉलिस," तो समोर येताच ती म्हणाली, "तुझं दार अरुंद आहे."

 "कुठलं?"

"साखरघराचं. चुलाण जात नाही. त्याला कान आहेत." तिने दोरा पुढे केला. "वीतभर कमी पडतंय."

त्याने दोरा बोटांवरून ओढत मापला. "कधीपासून माहीत आहे तुला?"

"जुलैपासून."

"जुलै!" हॉलिस ओरडला. हॉलिस ओरडलेला आमच्याकडे कुणी ऐकला नव्हता. बर्निस धावत बाहेर आली. "जुलैमध्ये तर ती लाकडं जमिनीवर होती! पाच मिनिटांचं काम होतं! मी तुला विचारलं होतं, अर्डिस!"

"विचारलं होतंस. आणि मी तुला डोनट दिले." अर्डिसचे डोळे भरून आले, तरी तिने मान खाली घातली नाही. "माझं चुकलं. मला वाटलं, फुकट मिळालेल्या गोष्टीत खोट काढणारी मी कोण? हॉलिस, ते घर इतकं सुंदर आहे की मला आत जाऊन उभं राहायची भीती वाटते. माझ्यासाठी कधी कुणी असं काही केलं नव्हतं रे. पण मला त्यात पाक करायचाय. तो खांब सरकवून दे. मला मदत कर."

हॉलिसने तोंड फिरवलं आणि बराच वेळ हत्यारांच्या पेटीत काहीतरी शोधलं. मग गिरमिट बाहेर काढलं. "बर्निस," तो म्हणाला, "गास्तोंला फोन कर. म्हणावं, जॅक घेऊन ये. मोठे."

दुसऱ्या सकाळी पुन्हा सगळा रस्ता जमला. जॅक लावून तुळई बोटभर उचलली, खांब सोडवला, आणि बाजूला नवी खाच पाडून तिच्यात बसवला. शेवटची खुंटी न ठोकल्यामुळे तो खांब सुटला मात्र अलगद. गास्तों म्हणाला, "मादामनी आधीच विचार करून ठेवला होता! आम्हीच येडे!" मग ओंडक्यांवरून चुलाण ढकलत ढकलत आत आलं, दोन्ही कान खांबांना न लागता.  वर तुळईत जुनी खाच रिकामीच दिसत राहिली.

"तिथे लाकडाचा तुकडा बसवून देतो," हॉलिस म्हणाला. "कळणारसुद्धा नाही."

"नको," अर्डिस म्हणाली. "राहू दे. मला कळायला हवी."

तिने सुतळीवरची खुंटी सोडवली. मोगरी मागून घेतली. पहिला घाव तिरका बसला, दुसरा सरळ, आणि तिसऱ्याला खुंटी असा आवाज करत शिरली की आता ती परत निघणार नाही हे सगळ्यांना कळलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. अर्डिसने खांबावर तळहात ठेवला. "माझं घर," ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली, मग लाजली.

त्याच आठवड्यात रस सुटला. टाकी भरली, चुलाण पेटलं, काहिलीतून पांढरी वाफ आढ्याकडे निघाली आणि हेमलॉकचा ओला वास गोड वासात मिसळून गेला. या वेळी बरण्या ओसरीवर गेल्या नाहीत. अर्डिसने निरोप धाडले: आपापली बरणी घेऊन या, आणि बसायच्या तयारीने या. बाहेरच्या ताज्या बर्फावर ती गरम पाक ओतत होती, पोरं-थोरं तो काडीने गुंडाळून खात होती, आणि जास्त गोड झालं की लोणच्यातली काकडी चावत होती. बर्निसने तिच्यासाठी मफलर विणून आणला होता. अर्डिसने तो घेतला, गळ्यात घातला आणि म्हणाली, "उबदार आहे गं." पुढे काहीच नाही. बर्निस क्षणभर वाट बघत राहिली, मग तिने गास्तोंला कोपराने ढोसलं.

हॉलिस दाराजवळच्या बाकावर बसला होता, जुन्या साखरघरात सासूबाई जिथे बसायच्या तशाच जागी. अर्डिस डाव काहिलीत बुडवून वर धरत होती. पाक कडेवरून पडद्यासारखा उतरला. तिने मान हलवली आणि न वळताच म्हणाली, "हॉलिस, ती वरची वाफेची झडप अडकतेय. आणि दाराची कडी किती उंचावर लावलीस रे? मी काय जिराफ आहे? आणि लाकडांसाठीचा कठडा या बाजूला हवा, त्या बाजूला काय उपयोग?"

 हॉलिस उठला. काही न बोलता टोपी डोक्यावर घातली आणि हत्यारं आणायला रस्त्याने खाली निघाला. बर्निस घाबरून त्याच्यामागे धावली. वळणावर तिने त्याला गाठलं तेव्हा तो बाहीने डोळे पुसत होता.

"रागावलास का रे?"

"ऐकलंस तू?" हॉलिस म्हणाला, आणि त्याला हसू आवरता आवरत नव्हतं. "तिला कडी आवडली नाही!"